जर-तरचं जातं

३० जून १९९८. फ्रान्समधल्या सेंट एटिएन शहरात फुटबॉल विश्वचषकाच्या बाद फेरीचा सामना, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. पहिल्या दहा मिनिटांतच दोन्ही बाजूंना एकेक पेनल्टी मिळाली, १-१. मग अठरा वर्षांच्या मायकेल ओवेननं बचावपटूंना मागे टाकत धाव घेतली आणि इंग्लंड २-१ पुढे गेलं. मध्यंतराच्या शिट्टीआधी अर्जेंटिनानं फ्री किकवर आधीच घोटून ठेवलेला डाव टाकला आणि हाविएर झानेट्टीनं बरोबरी साधली. उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच डेव्हिड बेकहॅमनं जमिनीवर पडल्या पडल्या अर्जेंटिनाच्या सिमेओनेला लाथ मारली. लाल कार्ड. इंग्लंड दहा जणांवर आलं. तरीही शेवटच्या दहा मिनिटांत सोल कॅम्पबेलनं डोक्यानं चेंडू जाळ्यात धाडला, खेळाडू आनंदानं धावत सुटले, आणि पंचांनी गोल नाकारला. त्याआधी अ‍ॅलन शिअररनं गोलरक्षकाला अडथळा आणला होता. जादा वेळेनंतरही २-२. मग पेनल्टी शूटआउट, म्हणजे आळीपाळीनं पेनल्टी मारून निकाल. इंग्लंडच्या डेव्हिड बॅटीची शेवटची किक अर्जेंटिनाचा गोलरक्षक कार्लोस रोआनं अडवली. ४-३. खेळ खलास.

आणि हे सगळं कोणाविरुद्ध, तर अर्जेंटिनाविरुद्ध. १९६६ साली वेम्बलीवर अर्जेंटिनाच्या कर्णधाराला, रॅटिनला, मैदानाबाहेर काढलं गेलं तेव्हापासून या दोन संघांचं कधी धड जमलेलं नाही. १९८२ साली फॉकलंड बेटांवरून दोन्ही देशांत युद्ध झालं. १९८६ साली मेक्सिको सिटीत मॅराडोनानं आधी हातानं आणि काही मिनिटांतच पायानं गोल करून इंग्लंडला २-१ नं घरी पाठवलं. एवढं सगळं गाठोडं पाठीवर घेऊन जो चाहता त्या रात्री टीव्हीसमोर बसला होता, त्याच्यासाठी बॅटीची ती किक साधी किक असणं शक्यच नव्हतं.

पुढे काही वर्षांनी या रात्रीचा हिशेब वेगळ्याच ठिकाणी सापडला. संशोधकांनी इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. सामन्याच्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानं दाखल झालेल्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होतं. हा अभ्यास २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. मला त्यातलं दुसरंच एक वाक्य जास्त बोलकं वाटतं: त्याच स्पर्धेतल्या इंग्लंडच्या इतर सामन्यांच्या दिवशी अशी वाढ दिसली नाही. आता गंमत बघा. आठच दिवस आधी, २२ जूनला, इंग्लंड रुमानियाकडूनही हरलं होतं. तेही एकाच गोलनं, २-१ असं, आणि तोही गोल अगदी शेवटच्या मिनिटाला बसलेला. तेव्हा रुग्णालयांत काही हललं नाही.

एका रात्रीच्या आकड्यांवर फार मोठा मजला चढवू नये, हे मान्य. रुमानियाच्या पराभवानं स्पर्धा संपत नव्हती, शूटआउटही नव्हतं. पण चाहत्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. हरणं वेगळं, थोडक्यात हरणं वेगळं, आणि ‘त्यांच्याकडून’ थोडक्यात हरणं त्याहून वेगळं.

सामना चालू असताना शरीराला निकाल ठाऊक नसतो. त्याला कळतो फक्त ताण. प्रतिस्पर्ध्यानं गोलकडे चाल केली की मेंदूतली धोक्याची यंत्रणा जागी होते, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, तळहातांना घाम फुटतो. थोड्या वेळानं कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक रक्तात चढू लागतं. ही सगळी तयारी पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी असते. मैदानावरचा खेळाडू खरोखर पळतो, त्यामुळे त्याची तयारी कामी येते. चाहता बसलेला असतो. इंजिन पूर्ण वेगात आणि गाडी जागच्या जागी, अशी त्याच्या हृदयाची दोन तास अवस्था असते.

ही अवस्था किती महागात पडू शकते, हे २००६ साली जर्मनीत दिसलं. विश्वचषक तिथेच भरला होता. म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना मोजल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी त्या एरवीच्या २.६६ पट झाल्या होत्या, पुरुषांमध्ये ३.२६ पट, स्त्रियांमध्ये १.८२ पट. सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत हे प्रमाण सर्वाधिक होतं, आणि ज्यांना आधीपासून हृदयरोग होता त्यांना धोका जास्त होता. यातली खरी मेख अशी की सर्वांत वाईट दिवसांपैकी एक होता ३० जून, उपांत्यपूर्व सामन्याचा. त्या दिवशी जर्मनी हरली नव्हती, शूटआउटमध्ये जिंकली होती. समोर कोण होतं? पुन्हा अर्जेंटिनाच. म्हणजे हृदयाला पराभवापेक्षा अटीतटी झेपत नाही. हृदयाची औषधं घेणाऱ्यांनी अशा रात्री ती चुकवू नयेत आणि छातीत कळ आली तर ‘एवढं शूटआउट होऊ दे’ म्हणून थांबू नये, इतकं मात्र त्या आकड्यांवरून निःशंकपणे सांगता येतं.

निकाल लागल्यावर संप्रेरकांची दुसरी गोष्ट सुरू होते. १९९४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ब्राझील आणि इटली यांच्यात झाला. १२० मिनिटांत एकही गोल नाही, आणि शूटआउटमध्ये रॉबर्टो बॅजिओची किक आडव्या खांबावरून उडाली. हा सामना टीव्हीवर पाहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या काही पुरुष चाहत्यांची लाळ सामन्याआधी आणि नंतर तपासली गेली. ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढलेलं होतं, इटलीच्या चाहत्यांमध्ये घटलेलं. कुणीही चेंडूला पाय लावला नव्हता, तरी शरीरांनी विजय-पराजय स्वतःचा म्हणून नोंदवला होता. अभ्यास लहान होता, आणि पुढे २०१० च्या अंतिम सामन्याच्या वेळी स्पेनच्या चाहत्यांवर असाच प्रयोग झाला तेव्हा विजयानंतर टेस्टोस्टेरॉनमध्ये वेगळी वाढ काही सापडली नाही. तिथे सामना बघतानाच ते चढलेलं होतं. त्यामुळे टेस्टोस्टेरॉनची कथा अजून पक्की नाही. कॉर्टिसॉलचं मात्र बऱ्यापैकी जुळतं. २०१४ साली ब्राझीलच्या चाहत्यांची लाळ तपासली तेव्हा जे संघाशी सर्वांत एकजीव झालेले होते त्यांच्यात कॉर्टिसॉल जास्त आढळलं, आणि जर्मनीकडून झालेल्या त्या ७-१ च्या पराभवात ते सर्वाधिक चढलं होतं.

आता इथे एक शंका येते. ७-१ हा पराभव अपमान होता, पण त्या रात्री ‘जर’ म्हणायला जागाच नव्हती. पाच गोल तर मध्यंतराआधीच बसले होते. माणूस अशा वेळी हताश होतो, टीव्ही बंद करतो, काळा विनोद करतो. एका गोलनं हरलेला माणूस टीव्ही बंद करूनही सामना बघत राहतो. डोळे मिटले की तो क्षण पुन्हा येतो, आणि दर वेळी थोडा वेगळा येतो. चेंडू खांबाला लागत नाही. पंच शिट्टी वाजवत नाहीत. बचावपटू अर्धा पाऊल आधी निघतो.

मानसशास्त्रात या खेळाला प्रतिवास्तव विचार म्हणतात. आपल्या भाषेत त्याला सुटसुटीत शब्द आहे: जर-तर. आणि त्यावरचा उपायही भाषेनंच सांगून ठेवला आहे, आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. पण हा उपाय हरलेल्या चाहत्यावर चालत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं आत्याबाईला मिशा जवळजवळ आलेल्याच होत्या.

हे ‘जवळजवळ’च सारा घोळ करतं. १९८२ साली डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वेर्स्की यांनी लोकांना एक साधी गोष्ट सांगितली. दोन प्रवासी एकाच गाडीतून विमानतळाकडे निघाले, वाटेत अडकले आणि दोघेही अर्धा तास उशिरा पोहोचले. एकाला कळलं की त्याचं विमान वेळेवर सुटलं. दुसऱ्याला कळलं की त्याचं विमान उशिरा सुटलं, अवघ्या पाच मिनिटांपूर्वी. जास्त कोण चडफडेल? ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. दोघांचं नुकसान तेवढंच. पण पाच मिनिटं मनातल्या मनात पुसून टाकणं सोपं असतं, अर्धा तास पुसता येत नाही.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये हेच चेहऱ्यांवर वाचता आलं. निकाल कळला त्या क्षणाची चित्रफीत दाखवून लोकांना खेळाडूंच्या चेहऱ्यावरच्या आनंदाला दहापैकी गुण द्यायला सांगितलं. कांस्यपदक मिळवणाऱ्यांना सरासरी ७.१ गुण मिळाले आणि रौप्यपदकवाल्यांना ४.८. तिसरा आलेला मागे वळून बघत होता की पदक थोडक्यात हुकलं असतं. दुसरा आलेला पुढे बघत होता की सुवर्ण थोडक्यात हुकलं. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच. उपाशी राहण्याहून तो घास जास्त छळतो.

मनाला ही खोड का असावी? कारण ती उपयोगाची आहे. ‘डावीकडे उडी मारली असती तर चेंडू अडला असता’ हे गोलरक्षकानं शंभरदा घोळवलं तर पुढच्या वेळी तो डावीकडे उडी मारेल. थोडक्यात हुकलेल्या गोष्टीत शिकण्यासारखं सर्वांत जास्त असतं, म्हणून मन तिथेच घोटाळतं. जर-तर हे दळायचं जातं आहे. त्यात चुकीचे दाणे टाकायचे आणि पीठ काढायचं. चाहत्याची अडचण अशी की त्याच्याकडे दाणेच नसतात. उडी त्यानं मारायची नसते, पेनल्टी त्यानं घ्यायची नसते, संघ त्यानं निवडायचा नसतो. जातं मात्र त्याच्या डोक्यातही बसवलेलं आहे आणि ते फिरायचं थांबत नाही. रिकामं जातं फिरवलं की दगडावर दगड घासतो. पराभवानंतरच्या रात्री झोप न येणं म्हणजे बहुतांशी हा आवाज असतो, असं मला वाटतं.

मग चाहता स्वतःच दाणे तयार करतो. ‘मी पाणी प्यायला उठलो आणि तेवढ्यात गोल बसला.’ ‘जुना शर्ट घालायला हवा होता.’ ऐकणाऱ्याला हसू येतं, बोलणाऱ्यालाही येतं, तरी पुढच्या सामन्याला तो जागेवरून उठत नाही. यामागची एक खूण केंब्रिजमधल्या संशोधकांच्या २००९ च्या जुगारावरच्या प्रयोगात दिसते. मेंदूचं चित्रण चालू असताना लोकांना चिन्हं जुळवण्याच्या यंत्राचा खेळ दिला. चिन्ह अगदी एका घरानं हुकलं की लोकांना ते साफ हरण्यापेक्षा अधिक अप्रिय वाटे, पण मेंदूत जिंकल्यावर जे भाग उजळतात तेच इथेही उजळत. शिवाय पुन्हा खेळावंसं वाटे, मात्र चिन्ह त्यांनी स्वतः निवडलं असेल तरच. यंत्रानं निवडलं असेल तर नाही. सूत्र आपल्या हाती आहे असा भास हवा. चाहत्याचा शर्ट आणि न उठलेली जागा हा भास पुरवतात.

मन कोणता क्षण बदलायला घेतं, हेही मजेशीर आहे. ते नेहमीची गोष्ट सोडून वेगळी गोष्ट उचलतं, आणि ज्यात कुणाची तरी कृती आहे ती आधी उचलतं. १९९८ च्या त्या सामन्यात इंग्लंडनं मध्यंतराआधी फ्री किकवर बचाव नीट न लावल्यामुळे गोल खाल्ला, शूटआउटमध्ये दोन पेनल्टी वाया घालवल्या. पण दुसऱ्या दिवशी देशभर एकच नाव होतं: बेकहॅम. लंडनमध्ये त्याचा पुतळा करून फासावर लटकवण्यापर्यंत मजल गेली. लाल कार्ड ठळक होतं, एका माणसाचं होतं, आणि मनात खोडायला सोपं होतं. ‘फ्री किकच्या वेळी खेळाडूंच्या भिंतीआडच्या माणसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं’ असा जर-तर कुणी रात्रभर करत बसत नाही.

बेकहॅम नसेल तेव्हा पंच असतोच. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकेतल्या दोन शिक्षणसंस्थांच्या संघांत सामना झाला. अमेरिकन फुटबॉलचा, पण आपल्या मुद्द्याला चालेल. खेळ धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या सर्वोत्तम खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. प्रिन्स्टननं १३-० असा विजय मिळवला. नंतर अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी सामन्याची तीच चित्रफीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सरासरी ९.८ मोजले, डार्टमथच्या विद्यार्थ्यांनी ४.३. फीत एकच. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला खरोखर तेवढेच दिसले होते. तेव्हा मित्रमंडळींत ‘तो फाउल होताच’ यावर रात्री दोन वाजता वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ठेवणार नाहीत, हेही मला माहीत आहे.

खरं तर एका गोलच्या फरकातून फारसं काही सिद्धच होत नाही. फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ. समजा दोन संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि दोघांचीही गोलची सरासरी सामन्याला १.३५ आहे, म्हणजे मिळून २.७, मोठ्या स्पर्धांत साधारण एवढेच गोल होतात. संभाव्यतेचं सोपं सूत्र लावलं तर असे चारांतला एक सामना बरोबरीत सुटेल, आणि सुमारे चाळीस टक्के सामने एका गोलच्या फरकानं संपतील. दोघांत काडीचाही फरक नसताना! कोण एका गोलनं जिंकेल हे नाणेफेकीइतकंच उघडं. बास्केटबॉलमध्ये शंभरेक गुणांत नशिबाचे चढउतार एकमेकांना बरेचसे पुसून टाकतात. फुटबॉलमध्ये एक चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागतो की बाहेरच्या, एवढ्यावर इतिहास लिहिला जातो. दुबळ्या संघाला इथे कायम आशा असते, त्याचं कारणही हेच. पण चाहत्याला संभाव्यता ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतो तो रस्त्यावरचा पलीकडच्यांचा जल्लोष.

आणि तो जल्लोष ‘त्यांचा’ असतो, इथे दुसरा पदर सुरू होतो. प्रतिस्पर्धी म्हणजे नेमकं कोण? २०१० साली गॅव्हिन किल्डफ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांवरून याचा माग काढला. जे आपल्यासारखे आहेत, जे जवळ राहतात आणि ज्यांच्याशी आजवरचा जय-पराजयाचा हिशेब जवळपास समसमान आहे, त्यांच्याशी वैर पेटतं. जो नेहमी हरतो त्याच्याशी वैर होत नाही, जो नेहमी हरवतो त्याच्याशीही नाही. म्हणजे अटीतटीच्या सामन्यांतूनच हाडवैर जन्माला येतं, आणि हाडवैऱ्याशी सामना पुन्हा अटीतटीचा होण्याची शक्यता जास्त. थोडक्यात हरणं आणि जुन्या वैऱ्याकडून हरणं या दोन वेगळ्या दुर्घटना नाहीतच. पहिलीनं दुसरीला वाढवलेलं असतं.

मेंदूत हे वैर स्पष्ट दिसतं. मिना सिकारा आणि सहकाऱ्यांनी २०११ साली बोस्टनचा रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचा यँकीज या दोन बेसबॉल संघांच्या चाहत्यांच्या मेंदूंचं चित्रण केलं. स्वतःचा संघ हरला की वेदनेशी आणि खटकण्याशी निगडित भाग जागे होत, तसेच ते वैरी संघ जिंकला की जागे होत. उलट वैरी संघ हरला, अगदी तिसऱ्याच कुणाकडून हरला, तरी सुखाशी जोडलेला स्ट्रायटमचा भाग उजळे. वैऱ्याशी सामना हरलेल्या माणसाचं गणित यावरून मांडून बघा. आपली हार आणि त्यांची जीत ही दोन दुःखं एरवी वेगवेगळ्या दिवशी येतात. इथे एकाच शिट्टीला दोन्ही मिळतात. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, या म्हणीत जे ‘पण’ आहे त्याला मेंदूत जागा आहे तर.

मुळात संघ ‘आपला’ होतो कसा? रॉबर्ट चाल्डिनी यांचा १९७६ चा अभ्यास यात प्रसिद्ध आहे. संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. फोनवर सामन्याचा निकाल विचारला तर विजयाचं वर्णन ‘आपण जिंकलो’ असं होई, पराभवाचं बहुतेकदा ‘ते हरले’ असं. आणि ज्यांना आधी एका प्रश्नमंजूषेत मुद्दाम नापास ठरवलं होतं, त्यांच्यात ही ओढ जास्त दिसली; स्वतःची बाजू पडती असली की संघाच्या विजयाला जास्त घट्ट धरावंसं वाटतं. मराठीत तर आणखी एक पायरी आहे. जिंकल्यावर मित्राला आपण म्हणतो ‘आपण जिंकलो’, वैऱ्याच्या चाहत्याला म्हणतो ‘आम्ही जिंकलो’. हरल्यावर दोन्ही सर्वनामं गळतात आणि ‘यांना पास देता येत नाही’ सुरू होतं.

पण ही पळवाट हौशी चाहत्यापुरती. डॅनियल वान आणि नायला ब्रॅन्सकोम यांनी १९९० साली दाखवलं की कट्टर चाहते पराभवानंतरही संघापासून फारसे दूर सरकत नाहीत. त्यांचं ‘ते हरले’ वरवरचं असतं. म्हणून मार त्यांना बसतो, आणि तो फक्त संघाबद्दलच्या मतावर बसत नाही. १९९२ मधल्या एका प्रयोगात आपल्या विद्यापीठाचा बास्केटबॉल सामना पाहिलेल्या चाहत्यांना नंतर स्वतःबद्दल अंदाज बांधायला सांगितले: नेमबाजीसारख्या खेळात किती जमेल, अक्षरं जुळवून शब्द किती ओळखता येतील, आवडलेल्या व्यक्तीनं भेटायला होकार दिला असता का. संघ हरलेला असेल तर या सगळ्यांतला आत्मविश्वास उतरलेला. ‘अरे, खेळच तर आहे’ म्हणून समजूत काढणाऱ्यांचं बोलणं म्हणूनच टोचतं. ते खेळाबद्दल बोलत असतात, आणि समोरच्याचं दुखणं त्या वेळी स्वतःबद्दलचं असतं.

दुसऱ्या दिवशी हे दुखणं भलत्याच ठिकाणी निघतं. अमेरिकन फुटबॉलच्या रविवारच्या सामन्यांनंतर लोक सोमवारी काय खातात, हे दोन संशोधकांनी २०१३ साली तपासलं. हरलेल्या संघाच्या शहरात संपृक्त स्निग्ध पदार्थांचं सेवन नेहमीपेक्षा १६ टक्क्यांनी वाढलं होतं, जिंकलेल्या शहरात घटलं होतं. आणि हा परिणाम कुठे ठळक होता? जिथे चाहते कट्टर, संघ तुल्यबळ आणि पराभव थोडक्यातला होता तिथे. शेअर बाजारसुद्धा सुटत नाही. विश्वचषकाच्या बाद फेरीत देश हरला की दुसऱ्या दिवशी तिथल्या बाजाराचा परतावा सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास खाली येतो, असं २००७ च्या एका अभ्यासात निघालं. विजयानंतर तेवढी चढण काही दिसली नाही.

या यादीत एक नोंद मात्र हसत सांगण्यासारखी नाही. इंग्लंडमधल्या लँकशर परगण्यात २००२, २००६ आणि २०१० या तीन विश्वचषकांच्या काळात पोलिसांकडे आलेल्या घरगुती अत्याचाराच्या तक्रारी इंग्लंड हरलं त्या दिवशी ३८ टक्क्यांनी वाढल्या होत्या. इंग्लंड जिंकलं किंवा बरोबरीत सुटलं त्या दिवशीही २६ टक्क्यांनी वाढल्या होत्या. दुसरा आकडा पहिल्याइतकाच वाचायला हवा. निराशा हे निमित्त. हात उचलणारा विजयाच्या दिवशीही उचलतो.

एवढं सगळं झाल्यावर दुःख टिकतं किती? चाहत्यांना विचाराल तर आठवडाभर. प्रत्यक्षात तसं नसतं. टिमथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की सामन्याच्या निकालाचा आपल्या मनःस्थितीवर किती काळ परिणाम राहील याचा अंदाज चाहते वाढवून बांधतात. अंदाज बांधताना डोळ्यांसमोर फक्त सामना असतो. मधल्या दिवसांतलं काम, भांडणं, झोप, घरचं आजारपण हे कुणी धरत नाही. पण या आयुष्याचाच सामन्यावर थर बसत जातो. दुसरीकडे, दुःख सुखापेक्षा मोठं असतं यात शंका नाही. ब्रिटनमध्ये मोबाइलवर लोकांना वेळोवेळी ‘आता किती आनंदी आहात’ विचारून जमवलेल्या लाखो उत्तरांवरून २०१८ साली दोन अर्थतज्ज्ञांनी हिशेब केला: सामन्यानंतरच्या पहिल्या तासात हरल्याचं दुःख जिंकल्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट भरलं. हा व्यवहार चक्क तोट्याचा आहे. तरी माणसं तो पिढ्यान्‌पिढ्या करतात.

मार्था न्यूसन यांच्या २०२१ च्या अभ्यासात याचं एक उत्तर मिळतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या यशस्वी आणि अपयशी क्लबांच्या चाहत्यांची त्यांनी तुलना केली. एकमेकांना सख्ख्या नात्यातलं मानण्याची भावना वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या क्लबांच्या चाहत्यांत अधिक होती. विजय सगळ्यांनाच वाटता येतो, त्यात कालपर्यंत नसलेलेही सामील होतात. त्या रात्री कोण कोण होतं, कुणी खुर्ची आपटली, कोण गप्प बसून राहिलं, हे मात्र फक्त होते त्यांनाच माहीत असतं. मला तर वाटतं की जुन्या चाहत्यांना विजयापेक्षा असले पराभव जास्त तपशिलानं आठवतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज किंचित खुलतो.

इंग्लंड आणि अर्जेंटिना विश्वचषकात पुन्हा समोरासमोर आले ते ७ जून २००२ रोजी, जपानमधल्या सापोरोत. पूर्वार्ध संपता संपता अर्जेंटिनाच्या पोचेटिनोनं ओवेनला पाडलं, असं पंचांना दिसलं. पेनल्टी घ्यायला बेकहॅम पुढे आला. गोल. सामना तिथेच अडकला, १-० असा संपला, आणि काही दिवसांतच अर्जेंटिना पहिल्याच फेरीत स्पर्धेबाहेर गेलं. लंडनमध्ये त्या दिवशी चार वर्षांचं जातं थांबलं. तिकडे ब्यूनोस आयर्समध्ये ते सुरू झालं होतं: पाय लागला होता का, की ओवेननंच अंग टाकलं?